राबाचं रसग्रहण

रसग्रहण या शब्दावर माझा पहिल्यापासून राग आहे. गुऱ्हाळावर उभं राहून माणूस ग्लासभर रस पितो तेव्हा तो ग्रहण-बिहण काही करत नाही. पितो आणि मिशी पुसतो. पण कॉलेजात मराठी घेतलं की ‘गोष्ट कशी वाटली गं?’ असं सरळ कुणी विचारत नाही. कथेचं रसग्रहण करा म्हणतात. पाचशे शब्द, डावीकडे समास, निळी शाई, अंतर्गत गुण दहा. एस.वाय.ला असताना एकाच कथेवर असं रसग्रहण मी दोनदा लिहिलं. पहिल्या वेळी पाच गुण मिळाले, दुसऱ्या वेळी नऊ. त्या नऊ गुणांची मला आजही लाज वाटते.

आमचं कॉलेज पौड रस्त्याला. नाव सांगत नाही, भिंतींचा काय दोष. वर्गात चाळीस जण, निम्मे पिरंगुट-उरवड्याकडचे आणि बाकीचे आणखी वरच्या गावांतले. बहुतेकांच्या घरी भातशेती होती, किंवा कालपरवापर्यंत होती. ज्यांची विकून झाली होती ते बुलेटवरून यायचे, ज्यांची विकायची राहिली होती ते बसनं. शेताचा विषय निघाला की दोघंही असे गप्प व्हायचे, जणू घरात कुणीतरी तुरुंगात आहे. मी काही वेगळी नव्हते. शेणाचा वास लागू नये म्हणून कॉलेजचे कपडे वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवायचे. एवढं करून बसमध्ये शेजारची पोरगी जरा सरकून बसली की दिवसभर तेच डोक्यात.

मराठीच्या मॅडम बावधनहून यायच्या, अकराव्या मजल्यावरून. गाडी स्वतः चालवायच्या, रोज वीस मिनिटं उशिरा पोचायच्या आणि आल्या आल्या चांदणी चौकाच्या नावानं शुद्ध भाषेत बोटं मोडायच्या. बाई वाईट नव्हत्या, वाचनही पुष्कळ होतं. पण ‘ग्रामीण वास्तव’ हे दोन शब्द त्या ज्या सुरात म्हणायच्या, त्या सुरात माणसं हॉटेलात ‘चुलीवरचं पिठलं मिळेल का?’ विचारतात. पावसाळ्यात दोनदा ताम्हिणीला धबधबा बघून, ढाब्यावर कांदाभजी खाऊन आल्या की आम्हाला सांगायच्या, ‘मला ना, मातीची फार ओढ आहे.’ आम्ही माना हलवायचो. चाळीस नंदीबैल, आणि गुबुगुबु वाजवायला एकट्या मॅडम.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला एका शनिवारी त्यांनी एक कथा शिकवली. चारच पानांची. एक बाई आहे. तिच्या नवऱ्यानं भाताचं एकुलतं एक खाचर विकायचं ठरवलंय. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला जाऊन कागद करणार. आदल्या दिवशी दुपार कलल्यावर बाई खाचरात जाते. तीन महिने गोळा केलेलं शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, हे सगळं तिनं एका कोपऱ्यात थरांनी पसरलेलं असतं. त्यावर ती माती भुरभुरते आणि एका कडेनं पेटवते. जवळ पाण्याची घागर आणि ओला डहाळा घेऊन बसते. नवरा लांबून धूर बघतो आणि पळत येतो. समोर धापा टाकत उभा राहतो. बाई एवढंच म्हणते, ‘वारा पडलाय. बरं जळंल.’ संपली कथा.

मुळशीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळेल की बाई राब भाजतेय. राब म्हणजे भाताचं रोप तयार करायची जागा. उन्हाळ्यात तिथं शेण, फांद्या, पाला आणि वरून माती, असे थर द्यायचे आणि सावकाश भाजून काढायचे. तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते. पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरायचा आणि रोप वीतभर झालं की उपटून खाचरभर लावायचं. भडका उडाला तर राब बिघडला. म्हणून वर माती, म्हणून जवळ पाणी, म्हणून वारा पडायची वाट बघायची. यात गूढ काही नाही.

पण मॅडमनी त्या बाईची रणरागिणी केली. त्यांच्या मते बाईनं रागाच्या भरात शेतच पेटवून दिलं होतं. ‘अग्नी हे तिच्या दडपलेल्या आक्रोशाचं प्रतीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आणि वारा पडलाय म्हणजे काय? तिच्या संसारातला प्राणच गेलाय. बघा, लेखक किती सूचक लिहितो!’ उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्या अशा. ज्वाला आकाशाला भिडल्या म्हणाल्या. मी पुस्तकात पुन्हा पाहिलं. चार पानांत ‘ज्वाला’ हा शब्द एकदाही नव्हता. धूर होता, नऊ वेळा. मी तीनदा मोजला.

गंमत म्हणजे त्याच वेळी खिडकीबाहेर, समोरच्या डोंगराच्या पायथ्याला, कुणाचातरी राब जळत होता. धूर हळूहळू वर्गात यायला लागला. मॅडमना ठसका लागला. ‘कोण हे कचरा जाळतंय? खिडकी लावा ना कुणीतरी, प्लीज!’ चाळीस जणांतल्या निदान वीस जणांना ठाऊक होतं की हा कचरा नाही, आणि मॅडम ज्यावर अर्धा तास बोलतायत तेच समोर चाललंय. एकानंही तोंड उघडलं नाही. खिडकी लावायला उठले ती मी. कडी घातली, जागेवर येऊन बसले आणि वहीत लिहून घेतलं: अग्नी, दडपलेला आक्रोश.

बाकीच्यांनी तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत. पुण्यातून आणलेलं गाईड होतं, त्यात सगळं तयार होतं: कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली, प्रतीक, समारोप. गाईडवाल्यानंही शेत जाळूनच टाकलं होतं. ज्यांच्या घरामागं राब भाजलेला होता त्या पोरांनी स्वतःच्या हातानं उतरवून काढलं की बाईनं शेत जाळलं. मी एकाला विचारलं, ‘अरे, तुझी आई काय करते मग उन्हाळ्यात?’ तो म्हणाला, ‘मार्क आई देणारे का?’ आता मीच मराठी शिकवते. माझ्यासमोरची पोरं मोबाईलकडून रसग्रहण लिहून घेतात. शुद्धलेखन गाईडपेक्षा बरं असतं, एवढाच काय तो फरक.

आता घरचं सांगते, कारण त्याच महिन्यात आमच्याही घरी हेच चाललं होतं. उरवड्याच्या पुढं आमचं गाव. चार खाचरं होती, तीन माझ्या लहानपणीच गेली. त्यांच्यावर कंपनीची शेड उभी आहे आणि त्या शेडच्या गेटवर आमचे वडील पहिल्या पाळीला सुपरवायझर म्हणून बसायचे. राहिलं होतं ओढ्याकडचं एक. त्याला पुण्याचं एक गिऱ्हाईक लागलं होतं, त्याला तिथं सुट्टीतलं घर बांधायचं होतं. वडील तयार होते. अडलं होतं माझ्यावर. जमीन आजोबांपासूनची, त्यामुळे पोरीचाही हिस्सा, आणि मी अठरा पूर्ण. गिऱ्हाइकाचा वकील म्हणाला, मुलीची सही असल्याशिवाय कागद होणार नाही. आईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच. ज्या बाईनं बावीस वर्षं त्या चिखलात भात लावला तिला कुणी विचारायचं कारणच नव्हतं.

वडिलांनी मला सांगितलं, ‘सही कर, म्हंजी तुला पुण्यात खोली करून देतो. एम.ए. कर, पायजे तेवढं शिक.’ आईनं दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता विचारलं, ‘तुझी सही लागतीया म्हनं?’

‘हो.’

‘तू न्हाई म्हनलीस तर?’

‘तर नाही होणार व्यवहार.’

‘इचार कर,’ ती म्हणाली आणि भाकरी उलटली. यापलीकडं ती बोलली नाही. बोलायला लागतच नव्हतं. तिला ते खाचर ठेवायचं होतं आणि ते माझ्या एका सहीवर लटकलेलं होतं, हे मी शेंबडी असते तरी मला कळलं असतं.

कथा शिकवली त्याच्या पुढच्या सोमवारी आईनं राब भाजला. विकायला काढलेल्या खाचरात! कागदाची तारीख बरोबर पुढच्या सोमवारची ठरलेली. मी ओट्यावर बसून बघत होते. वडील पाळी संपवून येत होते. त्यांनी वरच्या रस्त्यावरनं धूर पाहिला, मोटारसायकल तशीच चालू ठेवून उभी केली आणि बांधावरनं पळत खाली आले. ‘आगं, येत्या सोमवारी कागद हाय आन् तू राब भाजतीयास? डोकं फिरलंय का तुझं?’

‘हाताला सवय हाय,’ आई म्हणाली. ‘चैत आला की हात ऱ्हात न्हाई.’

वडील उभे राहिले, काहीतरी पुटपुटले आणि परत मोटारसायकलकडं गेले. मला हसू आलं. आणि लगेच वाटलं, अरे वा, मिळालं की आपल्याला रसग्रहण!

मी त्याच संध्याकाळी लिहायला बसले. काय तो माझा तोरा! लिहिताना मॅडमची, गाईडची आणि सगळ्या वर्गाची सालटी काढत होते. लिहिलं की, शेत जाळायला निघालेली बाई पाण्याची घागर घेऊन बसत नाही. लिहिलं की, ज्यांनी राब पाहिला नाही त्यांनी या कथेवर बोलणं म्हणजे पोहता न येणाऱ्यानं विहिरीची खोली सांगणं. वारा पडल्याचा अर्थही समजावून सांगितला, दुसरीतल्या पोराला सांगतात तसा. आणि मग त्या बाईकडं वळले. ती कोण? तर एक भोळी, अडाणी बाई. शेत आता आपलं राहिलेलं नाही हे तिच्या डोक्यात शिरतच नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तिचे हात आपोआप काम करतात. बैल विकला तरी माणूस सकाळी गोठ्यात वैरण घेऊन जातो, तशी ती. कथा विद्रोहाची नाही, सवयीची आहे. या शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या.

शुक्रवारी वही परत मिळाली. दहापैकी पाच. लाल शाईत शेरा: ‘निरीक्षण ठीक, परंतु प्रतीकात्मकता लक्षात घेतलेली नाही. भाषा उद्धट. हवे असल्यास बुधवारपर्यंत पुन्हा लिहून आणावे.’ गाईड उतरवणाऱ्यांना आठ-आठ. आठ! आणि मला, जिनं घागर पाहिली, माती पाहिली, धूर मोजला, तिला पाच. बसमध्ये माझ्या डोळ्यांतनं पाणी यायचं राहिलं होतं. असं वाटलं की या बाईंना एकदा हाताला धरून आमच्या ओढ्याकडं न्यावं, राबाच्या कडेला बसवावं आणि म्हणावं, करा आता ग्रहण.

घरी आले. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, ऊन अजून होतं. मला कुणीतरी ‘तू बरोबर आहेस’ म्हणायला हवं होतं, म्हणून मी तिला सगळी कथा वाचून दाखवली आणि मॅडमनी काय सांगितलं तेही सांगितलं.

‘शेत जाळलं? भाताचं?’ आई इतकी हसली की सूप मांडीवरनं घसरलं. ‘आगं बया! मोकळं शेत जळंल कसं? काय हाय त्यात जळाया? त्या बाईनं कवा राब बघितला न्हाई व्हय?’

‘तेच तर!’

‘आन् पगार घेती त्याचा?’

‘भरपूर.’

‘चांगलं हाय बाबा,’ आई म्हणाली आणि डोळे पुसले. माझ्या जिवाला थंडावा मिळाला. मग मी माझी वही काढली. ‘आता माझं ऐक,’ म्हटलं आणि ठसक्यात वाचायला लागले. घागरीपाशी तिनं मान हलवली. वाऱ्यापाशी म्हणाली, ‘बराबर हाय.’ मग आली ती भोळी, अडाणी बाई, तिची सवय, तिचे आपोआप चालणारे हात. मी वाचत होते आणि सुपातला आवाज बंद झाला, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

‘भोळी न्हाई ती,’ आई म्हणाली.

‘मग काय?’

‘मग त्यो पळत का आला?’

‘कोण?’

‘तिचा नवरा गं. तूच वाचलंस की आता. धूर बघून पळत आला. गावात रोज धा राब जळत्यात, कुनी पळतं का?’

मी वहीची पानं उलटून पाहिली. नवऱ्याच्या पळण्यावर मी पाचशे शब्दांत एक शब्द लिहिला नव्हता.

‘इकायच्या जमिनीत राब कोन भाजतं?’ आई म्हणाली. ‘राब भाजला म्हंजी साऱ्या गावाला सांगितलं, औंदा हितं आमीच पेरनार. मग त्यात कुनी चप्पल घालून जात न्हाई. परक्या मानसाला घेऊन जागा दाखवाया जात न्हाई. ते त्याला कळलं, म्हनून धावत सुटला. आन् ती काय म्हनली? बरं जळंल. म्हंजी मी काय मागं घेनार न्हाई. तिला तोंड न्हाई, कागदावर नाव न्हाई, मग तिनं सांगायचं तरी कसं?’

ती एवढं सलग क्वचितच बोलायची. मला एकदम मोटारसायकल आठवली, रस्त्यावर चालू ठेवलेली, आणि बांधावरनं पळत येणारे वडील.

‘पण तू तर म्हणालीस, हाताला सवय आहे.’

‘त्यास्नी म्हनले,’ आई म्हणाली. ‘तुला न्हवतं म्हनायचं.’

तिनं सूप उचललं, दोन खडे वेचून अंगणात टाकले. मग म्हणाली, ‘सोमवारी पौडाला जायचंय न्हवं?’

‘हो.’

‘इचार कर,’ ती दुसऱ्यांदा म्हणाली, आणि आत गेली.

आता कुणाला वाटेल की पोरीचे डोळे उघडले, सोमवारी तिनं सही नाकारली. आमच्या गाईडमध्ये तसा समारोप नक्की असता. मी सही केली. शनिवार-रविवार विचार केला आणि पूर्ण शुद्धीवर, नीट केस विंचरून, आईनं ओळखू नये म्हणून तिच्याआधी उठून पौडला गेले आणि सही केली. कारण विचाराल तर मोठं काही नाही. मला ती पुण्यातली खोली हवी होती. त्या चिखलापासून, त्या वासापासून, बसमध्ये सरकून बसणाऱ्या पोरीपासून सुटायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मी भेदरट होते. वहीत मॅडमच्या विरोधात लिहायला काय लागतं? समासाच्या उजवीकडं माणूस कितीही शूर होतो. वडील, काका, पांढऱ्या कपड्यातला एजंट आणि गिऱ्हाइकाचा वकील असे चौघे समोर बसलेले असताना ‘मी सही करणार नाही’ हे चार शब्द म्हणायला जे लागतं, ते माझ्याकडं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात गर्दी होती. माझा फोटो काढला, अंगठा घेतला. टेबलामागच्या माणसानं विचारलं, ‘वाचलं ना सगळं? राजीखुशीनं करताय?’

‘हो,’ मी म्हटलं.

चार पानांच्या कथेत ‘धूर’ किती वेळा आलाय हे मी तीनदा मोजून पाहिलं होतं. इथं पंचवीस पानं होती आणि मी एकही वाचलं नाही. जिथं जिथं पेन्सिलीची फुली होती तिथं तिथं नाव लिहीत गेले. वडिलांनी येताना मला आईस्क्रीम घेतलं, आणि मी ते खाल्लंसुद्धा.

घरी आले तर आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘जेवलीस का?’ मी ‘नाही’ म्हटलं. तिनं ताट वाढलं. आमटीत मीठ नेहमीएवढंच होतं. रडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं तेही केलं नाही.

मंगळवारी सकाळी मोजणीची माणसं आली. गिऱ्हाइकाला घाई होती, तारेचं कुंपण घालून घ्यायचं होतं. तीन माणसं बूट घालून खाचरात उतरली आणि सरळ राबातनं चालत गेली. राख उडायला लागली. आई बांधावर उभी होती. ‘पायातलं काढा,’ ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, ‘आवं, राब हाय त्यो, पायातलं काढा.’ एकानं दुसऱ्याला विचारलं, ‘क्या बोल रही है?’ दुसरा म्हणाला, ‘पता नहीं.’ आणि ते पट्टी ओढत पुढं गेले. मग आई परत आली आणि बाहेर ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले.

मी हे सगळं ओट्यावरनं बघत होते, आणि मांडीवर वही होती. बुधवारची मुदत होती ना! मी रसग्रहण पुन्हा लिहीत होते. नवरा का पळाला, तिथनं सुरुवात केली. राब भाजणं हीच तिची सही आहे, असं लिहिलं. जिचं नाव कागदावर नाही तिनं आपलं म्हणणं जमिनीवर लिहिलं, असं लिहिलं. आईचं एकेक वाक्य उचललं, त्यातलं ‘म्हंजी’चं ‘म्हणजे’ केलं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं आणि ओळीत बसवलं. ‘उद्या या राखेतून परक्यांचे बूट चालत जातील, आणि बांधावरून आलेला तिचा आवाज त्यांना कळणारही नाही,’ असा समारोप केला. समोर राख अजून खाली बसली नव्हती आणि माझं वाक्य लिहून झालंसुद्धा. आदल्याच दिवशी ज्या हातानं, ज्या पेननं पंचवीस पानांवर नाव लिहिलं होतं, तोच हात, तेच पेन. थू त्या हातावर.

मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी वर्गात वाचून दाखवायला लावलं. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. ज्या पोरानं ‘मार्क आई देणारे का?’ विचारलं होतं तो सगळ्यात जोरात वाजवत होता. मॅडमनी चष्मा काढून डोळे टिपले. दहापैकी नऊ. ‘स्वतःची दृष्टी. उत्कृष्ट,’ असा शेरा. विद्रोह होता हे शेवटी खरंच निघालं म्हणून त्या स्वतःवरही खूश होत्या. शेत जळालं नव्हतं, हे त्या तेवढ्यात विसरूनही गेल्या.

‘पण मला सांग,’ त्या म्हणाल्या, ‘हे तुला सुचलं कसं?’

‘विचार केला, मॅडम,’ मी म्हटलं.

आईचं नाव मी घेतलं नाही. ‘माझ्या आईनं सांगितलं’ एवढं म्हणायला काय झालं होतं? पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुमचं शेत आहे का, राब भाजलाय का. नकोच ते.

संध्याकाळी घरी गेले. आई ओट्यावरच होती. ओढ्याकडं खांब रोवायला सुरुवात झाली होती, त्याचा ठकठक आवाज येत होता. ती तिकडं पाठ करून बसली होती.

‘किती दिलं गं मॅडमनी?’ तिनं विचारलं.

‘नऊ.’

‘धापैकी?’

‘हो.’

‘आन् आता काय लिव्हलंस? भोळीच का?’

‘नाही. भोळी नाही लिहिलं.’

तिच्या तोंडावर जरासं हसू आलं. तिनं पदरानं ओटा झटकला, माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाली, ‘बस. वाच की मला.’

‘मॅडमनी ठेवून घेतलं,’ मी म्हटलं. ‘परत नाही देत.’

वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती.